बॅग भरलेली दिसली पाहिजे

४ तारीख, सोमवार
कॉलनीच्या सांस्कृतिक समितीने बायकांवरच्या अत्याचाराविरुद्धची नाटिका माझ्यावर सोपवली. नाव 'हात आवरा'. लेखन, दिग्दर्शन माझंच. नवऱ्याचं काम कोणी घेईना, तेही मीच करणार. माझ्यासारख्या शांत माणसाला जड जाईल, पण कलेसाठी सोसू. बायकोच्या कामाला हिलाच घेतलं. परक्या बाईवर हात उगारणं मला जमणार नाही.
संकल्प: आजपासून आवाज चढवायचा नाही.

६, बुधवार
नाटिका लिहून झाली. नवरा मारतो. बायको बॅग उचलते, प्रेक्षकांमधून मागच्या दाराने निघून जाते. नवरा पश्चात्तापाचं भाषण करतो. बायको त्याच दाराने परत येते. टाळ्या.
हिने विचारलं, ती परत का येते? म्हटलं, जाणार कुठे? हिने कागद मिटून ठेवले. पटलं असावं.

९, शनिवार
सकाळी आवाज थोडा चढला. चहा गार होता. कप फुटला, पण जुनाच होता. संकल्प सोमवारपासून.
तालमीत ही फार छान दचकते. मी हात उचलायच्या आधीच. समितीचे अध्यक्ष म्हणाले, वहिनींना शिकवावं लागत नाही. सगळं मीच शिकवलंय, पण आपली टिमकी आपण कशाला वाजवायची.

१२, मंगळवार
हिच्या बहिणीचे फोन मी बंद केले ते बरंच झालं. तालमीत लक्ष राहतं. प्रयोगाला मात्र मेव्हणीला बोलवायची परवानगी दिली. खुर्च्या भरायला हव्यात.
बॅग ही अशी नेते, जशी भाजीची पिशवी. सगळ्यांसमोर झापलं, "रिकामी आहे हे शेवटच्या रांगेलासुद्धा कळतंय. घरून भरून आण."
"काय भरू?" ही म्हणाली. बऱ्याच दिवसांनी सरळ माझ्याकडे बघून.
म्हटलं, तुझं जे काय असेल ते. प्रत्येक गोष्ट मला काय विचारायची?

१५, शुक्रवार
रंगीत तालीम. मेकअपवालीने हिच्या दंडावर निळा रंग लावायला बाही वर सारली आणि थांबली. म्हटलं, परवा कपाटाचं दार लागलं. आमचं दार जरा आडदांडच आहे. तिने रंगाची डबी बंद केली. बाई आगाऊ वाटते.

१६, शनिवार, दुपार
बॅग उचलून पाहिली. चांगली जड. अखेर हिला अभिनय म्हणजे काय ते कळलं. प्रेक्षकांना बजावून ठेवणार आहे, ती निघाली की वाट द्यायची, कोणी अडवायचं नाही.

प्रयोगानंतर
हिचं काम झकास. फक्त शेवटच्या वाक्यात माती खाल्ली. मी लिहिलं होतं, 'येते मी.' ही म्हणाली, "जाते मी." निघताना जाते म्हणू नये, एवढंही कळू नये? लोकांनी वाट दिली. शेवटच्या रांगेतून मेव्हणी उठली, तिने दार उघडून धरलं. टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या.
मग भाषण केलं. संपलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून केलं. दाराकडे कोणीच बघत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. मेकअपवालीने पडदा पाडला.

१७, रविवार
हिचं कपाट रिकामं आहे. दार फार हलकं, एका बोटाने हलतं.
अध्यक्षांचा फोन. बॅग समितीची होती, कधी परत मिळेल? म्हटलं, येईल.
चहा मीच केला. गार झाला. दिवसभर आवाज एकदाही चढला नाही. संकल्प पाळला.