काठीतलं पातं

पुणे,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही डब्यात जपून ठेवता, म्हणून हे पत्र. मला वकिलीची सनद मिळाली! बावीस तारखेला कोर्टाच्या सभागृहात आम्हा नव्या वकिलांचा सत्कार आहे. तुम्ही आणि आजी मला पहिल्या रांगेत हवेत.

आता खरं दुखणं. फाटकावर झडती असते आणि तुमची ती काठी! तिच्या पोटात पातं आहे हे अख्ख्या वराळ्याला ठाऊक. गुप्ती घेऊन हिंडणं गुन्हा आहे, आबा, आणि हे काही आजचं नाही. मी सध्या जुने कायदे वाचतेय. अमेरिकेत इंडियाना नावाच्या राज्यानं १८२० सालीच काठीत तलवार लपवणाऱ्याला दंड ठरवला होता. तिकडच्या लोकांचं म्हणणं असं, की उघड हत्यार धरणारा निदान दिसतो तरी. लपवणाऱ्याच्या मनातच काळंबेरं. नातीच्या सत्कारात आजोबांना अटक, हे मला नकोय हं! काठी आधीच पोलिसांकडे जमा करून टाका. चालायला नवी मी आणते.

रागावलात तरी उत्तर पाठवा.

तुमची (अजून लाडकी आहे ना?)
रेणुका


वराळे,
८ फेब्रुवारी

चि. रेणुकास,
अ. उ. आ.

आपल्या घरातली पहिली वकील तू! तुझ्या आजीला पत्र दोनदा वाचून दाखवलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच माझ्यावरच खेकसली, की चहा उतू जातोय.

काठीचं मात्र जमायचं नाही. माझे पणजोबा भिकाजी खंडाळ्याच्या घाटात वाटसरूंना सोबत करायचे. १८७८ साली साहेबानं कायदा केला, परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. परवाने मिळाले बड्या लोकांना. घाटातले चोर काय परवाना बघून सोडणार होते? पणजोबांनी पातं काठीत बसवून घेतलं. तुझ्या त्या इंडियानात प्रवाशांना सूट होती का, ते बघ जरा. असली, तर वराळ्याहून पुण्याला येणारा मी प्रवासीच की!

थट्टा राहू दे. काठी मी पोलिसांना देणार नाही आणि फाटकावर कुणाला उघडूही देणार नाही. त्यापेक्षा मी येतच नाही. तुझा बाप सुहास आजीला घेऊन येईल. कारण विचारू नकोस. वाईट मलाही वाटतंय.

आशीर्वाद इथूनही पोचतात, असं समज.

तुझा आबा


वराळे,
रविवार, बाजारचा दिवस

चि. रेणूस,
आजीचे लय लय आशीर्वाद.

तुज्या आबाच्या चोरून लिवतीया. चौथीपतूरच शिकले, हसू नगं. हे येत न्हाई म्हनत्यात, पन तुजं पत्र रोज उशाखालनं काडून वाचत्यात. तुला काळ्या कोटात बघायची त्यांस्नी लय आस हाय.

आता ऐक. त्या काठीत काय बी न्हाई. तुजा बाप रांगत हुता तवाची गोष्ट. बांधावरनं ह्यांचं आन् ह्यांच्या चुलतभावाचं, सखाराम भावजींचं, लय वाजलं. हे घरी आले ते डोळं लाल करून, म्हनले उद्या निकालच लावतो. हे गोठ्यात धार काडाया बसले, तवर काठी उचलली आन् लोहाराकडं पळाले. पातं काडून घेतलं, पुढं त्याचीच विळी करून घेतली. तू करंज्या मिटक्या मारत खाती न्हवं? त्यातलं खोबरं त्या गुप्तीवरच निगतं, बाई!

ह्यांना ह्यातलं काय बी ठावं न्हाई. कळलं, तर म्हनतील बायकोनं जल्मभर फसिवलं. तू वकील हायेस, कायतरी युगत काड. पन माजं नाव घेऊ नगं.

जपून ऱ्हा, येळेवर जेव.

तुजी आजी शालन


पुणे,
१३ फेब्रुवारी

ती. आबा,
सा. न. वि. वि.

कमाल आहे तुमची! इंडियानाच्या कायद्यात प्रवाशांना खरंच सूट होती. सनद तुम्हालाच द्यायला हवी होती.

आता माझं ऐका. काठी घेऊनच या. फाटकावर मी स्वतः उभी राहीन. काही होणार नाही, हा माझा शब्द. कारण मात्र तुम्हीही विचारू नका.

आजीला नमस्कार, आणि तुमच्या हट्टालाही.

रेणुका


वराळे,
२४ फेब्रुवारी

चि. रेणुकास,
अ. उ. आ.

काळ्या कोटात तू अशी शोभलीस, की मी शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितलं, ती आमची!

फाटकावर काय झालं ते तू पाहिलंसच. धातू हुडकणारं यंत्र गप्प राहिलं, तरी शिपायानं मूठ फिरवून काठी उघडलीच. तेवढ्यात तुझी आजी पलीकडचं झाड न्याहाळायला लागली आणि मी वहाणेचा पट्टा लावायला वाकलो. शिपाई तोंड उघडायच्या आत तू काठी बंद करून माझ्या हातात दिलीस. शाबास!

तू काठी घेऊन या म्हणालीस, तेव्हाच ओळखलं की आजीनं तुला सांगितलंय. अगं, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्या सकाळी तावातावानं बांधावर निघालो, काठी उचलली तर हलकी! तसाच गेलो. रिकामी काठी घेऊन माणूस करणार काय? बोलायला लागलो. सखारामनं तंबाखूची चंची पुढं केली. पातं असतं, तर मी तुरुंगात सडलो असतो. घरी आलो, तर तुझी आजी दारात उभी राहून माझे हात बघत होती. तेव्हाच ठरवलं, हिला कधी विचारायचं नाही. म्हणून काठी कुणाला उघडू देत नव्हतो. तिची चोरी चारचौघांत उघडी पडली असती.

काल तिनं करंज्या केल्या. मी म्हणालो, विळीला धार अजून चांगली आहे. ती म्हणाली, जुनं लोखंड आहे. आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. सुहासबरोबर डबा पाठवतोय.

तुझ्या त्या इंडियानावाल्यांना सांग, लपवणाऱ्याच्या मनात दर वेळी काळंबेरं नसतं. आणि वकीलबाई, आम्ही दोघं तुझे पहिले पक्षकार. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही.

तुझा आबा