म्हाताऱ्याच्या पंचवीस बिया

भाऊ आजेमान यास,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. सगळे बरे आहात ना? तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिथल्या तिथे आहेत, फक्त वाकत नाहीत. (अक्षर वाईट आहे. तीन इयत्तांत याहून चांगलं येत नाही.)

तुझ्या दाजींचं काही खरं नाही. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला तो गेलाच. डॉक्टरांनी आमच्या सेरवाला बाजूला घेऊन सांगितलं, नवी कोनफळं निघेपर्यंत दिवस काढतील, पुढचं सांगवत नाही. म्हाताऱ्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं लेकीने ठरवलंय.

हात गेल्यापासून म्हाताऱ्याने ओवारेच्या पटावर घरचे कायदे काढलेत. ज्याच्याकडे बिया जास्त तो जिंकला, एवढं त्याला पुरत नाही. सत्तरीपुढच्या माणसाने बिया उलट्या दिशेने पेरल्या तरी चालतात. खाली सांडलेली बी आजाऱ्याची. खोकला आला की चाल परत. (खोकला नेमका मी बिया उचलायला हात घातला की येतो.) सेरवा, जावई, शेजारपाजारचे, सगळे हो हो करतात आणि हरतात. मी करत नाही. समोरच्याची सगळी घरं रिकामी झाली तर त्याच्याकडे बिया जातील अशी चाल खेळायची, एवढी दया या खेळात आधीच आहे. वरची मी कुठून आणू? त्रेचाळीस वर्षं हरवत आले, तशीच हरवत राहिले. सेरवा म्हणाली, "आई, तुला काळीज आहे का?" म्हटलं, "आहे, पण ते पटावर मांडत नाही."

तर गेल्या गुरुवारी म्हातारा आपणहून म्हणाला, "आज कायदेबियदे नाहीत. सरळ खेळ." डाव्या हाताने खेळला. आणि काय सांगू, मला दया आली आणि मी हरले. पंचवीस त्याच्या, तेवीस माझ्या. सेरवा माझ्या गळ्यात पडून रडली. शेजारीण, जी मला दगड म्हणते, तिने मक्याचे गरम केंके आणि मासळी पाठवली. (मासळी खारट होती.)

म्हातारा मात्र पटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "डॉक्टरांनी किती दिवस सांगितले गं?"

"कसले दिवस?"

"बाकीचे हरत होते तेव्हा मी घाबरलो नाही. तू हरवत होतीस ना."

तेव्हापासून औषध थुंकून टाकतो, सूप पुढे केलं तर भिंतीकडे तोंड फिरवतो. सेरवा मला विचारते, आता काय करायचं? जसं काही दया माझी कल्पना होती.

बाकी ठीक. तुझ्या बायकोला माझी आठवण सांग.

तुझी बहीण,
फ्रेम्पोमा

ता. क. सेरवाने लिहायला सांगितलंय की मामाने येऊन धीर द्यावा. धीर देऊ नकोस. समोर बस आणि जीव खाऊन खेळ.

आणखी ता. क. दया वगैरे काही आली नव्हती. त्याने एका घरात बिया साठवत नेल्या आणि मला दिसल्याच नाहीत. जीव तोडून खेळले आणि हरले. लाज वाटली. लोक दयाळू म्हणाले, म्हणू दिलं. आता खरं सांगते तर म्हातारा म्हणतो, मरणाऱ्याशी खोटं बोलू नकोस. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. मी कुणासाठी मुद्दाम हरणारी बाई नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? लवकर ये आणि तेवढं त्याच्या कानावर घाल. मरायचंच आहे तर मला हरवलंय हे कळून तरी मरू दे.