खाटेवरची पाटी

सुकरामभाऊ,

तुम्ही खुशबूला वॉर्डातून गावी, केशोरीला घेऊन गेलात, त्याला आज नऊ दिवस झाले. तिचं सिकलसेलचं औषध परवाच संपलं असणार.

त्या दिवशी तो अनोळखी माणूस "मी खुशबूचा मामा" म्हणत थेट तिच्या खाटेपाशी आला. नाव, गाव, खाटेचा नंबर, त्याला सगळं माहीत होतं. सिस्टरने हटकलं तसा तो पळाला. तुम्ही पोरीचा मोबाईल हिसकावलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "कायले बोलून राहिली होती त्याच्यासंग?"

"बाबा, मी कोणालेच काही नाही सांगतलं," एवढं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वॉर्डातल्या शाळेचा फळा पुसत राहिले. फळा आधीच कोरा होता.

भाऊ, ती खरं बोलत होती. दवाखान्यातल्या या शाळेचा हजेरीचा फोटो मला रोज ऑफिसच्या ग्रुपवर टाकावा लागतो. त्या दिवशी सकाळचा फोटो छान आला म्हणून मी फेसबुकवरही टाकला. खुशबूच्या मागे खाटेवरची नाव-गावाची पाटी होती आणि पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. तो माणूस पळाल्यावर मी फोटो काढून टाकला. पोलिसांनाही सांगितलं नाही.

तिला परत आणा. मोबाईल हिसकावायचाच असेल, तर माझा हिसकावा.

हे वरचं लिहून चार दिवस झाले, पत्र अजून पर्समध्येच आहे. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे खुशबूच ते वाचून दाखवणार. वाचायला तिला मीच शिकवलंय.

तिची मॅडम,
चेतना