न सांगता घासलेला तवा

फिंतास, कुवेत
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप सुमनताईस,
धाकट्या शशिकांतचा साष्टांग दंडवत (मनातल्या मनात, प्रत्यक्षात पोट मध्ये आल्याने अर्ध्यावरच थांबला असता).

आम्ही उभयता इकडे खुशाल. सुचित्रा माझ्यावर रागावलेली आहे, पण तब्येतीने उत्तम आहे. दादांचा खोकला कसा आहे? आणि तुझा गुडघा? फोनवर विचारलं की तू "सगळं ठीक" म्हणून फोन दादांकडे देतेस आणि दादा मला, पोटच्या मुलाला, हवामान विचारतात. (अठ्ठेचाळीस. त्यांना सांग, बावीस वर्षं तेच आहे.) शेजारच्या रुपालीने कळवलं म्हणून समजलं, की तू गुडघ्याचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकललंस, कारण दादांना उठवायला-बसवायला दुसरं कुणी नाही; आणि जिना एकेक पायरी बसत उतरतेस. मला मात्र तू चकार शब्दाने बोलली नाहीस. म्हणून फोन न करता पत्र लिहितोय, पत्र मध्येच दादांच्या हातात देता येत नाही. आमच्या ऑफिसातला दत्तप्रसाद उद्या नाशिकला निघालाय, त्याच्याबरोबर खजुराचा डबा आणि हे पाकीट देतोय.

आता सुचित्रा का रागावली ते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहेच. "शशी, ताटं घे" म्हटल्याशिवाय मी जन्मात ताटं घेतली नाहीत, आणि नोकरीही नशिबाने तशीच मिळाली. तेलाच्या प्लांटमध्ये सहीशिक्क्याच्या परवान्याशिवाय साधा बोल्ट सैल केला तरी घरी पाठवतात. ती सवय हळूहळू घरात शिरली. दूध उतू जात असताना मी नुसता बघत उभा असतो, असं सुचित्रा चारचौघांत सांगते. (साफ खोटं आहे. मी तिला हाक मारतो.)

तर आमच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळणारी रोवेना म्हणून एक फिलिपिनो बाई आहे. तिच्या वाढदिवसाला आम्ही सगळे तिच्या फरवानियाच्या फ्लॅटवर जेवायला गेलो होतो. (दीर्घायुष्यासाठी लांबच लांब शेवया खातात. मी दोनदा घेतल्या.) जेवण संपलं आणि तिच्या मैत्रिणी कुणी काही न बोलता उठल्या, एकीने भांडी घासायला घेतली, एकीने उरलेलं अन्न डब्यांत भरलं, तिसरी फरशी पुसून मोकळी. हातात खरकटी बशी घेऊन बसलेला मी एकटाच, कुणीतरी सांगेल म्हणून. मी रोवेनाला विचारलं, या सगळ्यांना तू कधी सांगितलंस? ती म्हणाली, "सर शशी, कुसांग-पालो. नो नीड टू टेल." शब्दशः म्हणे आपणहून हाणलेला फटका, असं काहीतरी, नीट फोड तिलाही करता येईना. अर्थ एवढाच, की कुणी सांगायची वाट न बघता समोरचं काम उचलायचं. ज्याच्या अंगी हे असतं त्याचं त्यांच्याकडे फार कौतुक. घरी परतताना आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात ते आठवून पाहिलं. आगाऊ. चोंबडा. नसती उठाठेव. लष्कराच्या भाकऱ्या. "तुला कुणी सांगितलं होतं?" शेलके शब्द पायलीभर, आणि कौतुकाला स्वयंस्फूर्ती, तीही आभारप्रदर्शनापुरती बाहेर काढायची. मला आपल्या संस्कृतीची लाज वाटली आणि ती सुधारायची मी आपणहून ठरवलं.

मुहूर्त लागला मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. इथेच दोन गल्ल्या पलीकडे ओंकार आणि शलाका राहतात, त्यांनी चार कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. शलाका मालवणची, घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार असा बेत. हात धुतले आणि मी तडक स्वयंपाकघरात शिरलो. "अहो शशीदादा, राहू द्या, राहू द्या" झालं, पण मी त्याला आपली मागासलेली रीत समजून बाह्या वर सारल्या. ताटं घासली, पातेली घासली. बाहेर बायका माझ्याकडे बोट दाखवून आपापल्या नवऱ्यांशी बोलत होत्या आणि नवरे माझ्याकडे खाऊ का गिळू असे बघत होते. शेवटी एक काळाकुट्ट तवा राहिला. म्हटलं, बिचारीला हा कधी घासायला वेळच मिळालेला दिसत नाही. तारेची घासणी, भरपूर साबण आणि पाऊण तास.

ताई, तू आत्ता कपाळाला हात लावला असशील. तो शलाकाच्या आजेसासूबाईंचा बिडाचा तवा होता. साठ वर्षं नुसतं तेल प्यायलेला, लुगड्यात गुंडाळून मालवणहून विमानाने आणलेला. मी तो ॲल्युमिनियमसारखा पांढराफटक करून अभिमानाने तिच्या हातात दिला. शलाका स्टुलावर बसली आणि म्हणाली, "साबण लावलात?" ओंकार म्हणाला, नवीन आणू, त्यात काय, मग मात्र ती बोलली, आणि सगळं ओंकारलाच बोलली. आमच्या पार्किंगमध्ये पोचताच सुचित्राने माझ्याकडून शपथ घेतली, की यापुढे कुणी सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. कशालाही.

घरी येऊन मी रोवेनाला फोन लावला. म्हटलं, तुमच्या कुसांग-पालोने माझा संसार बुडवला. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, सर, तुम्ही तवा बघितला, शलाकाला बघितलंत का? आधी माणूस बघायचा, त्याला काय जड जातंय ते त्याने बोलायच्या आत ओळखायचं. मग तिने तिच्या 'आते'बद्दल सांगितलं. (त्यांची आते म्हणजे आपली ताई, थोरली बहीण.) वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ही आते मनिलाची नोकरी सोडून गावी परतली. कुणी बोलावलं नव्हतं आणि नंतर कुणी आभारही मानले नाहीत.

ताई, मला पुढचं ऐकू आलं नाही. चार वर्षांपूर्वी दादा न्हाणीघरात पडले, तेव्हा मुख्याध्यापिका व्हायला एक वर्ष उरलेलं असताना तू शाळा सोडलीस आणि त्यांना आपल्या घरी आणलंस. मी इथून फोन केला होता. काय म्हणालो होतो आठवतंय? "काही लागलं तर सांग." चार वर्षं मी तू सांगायची वाट बघत बसलो. मला माझी फार लाज वाटते.

असो. दादांना नमस्कार, रुपालीच्या लेकाला गोड पापा, आणि खजूर लपवून ठेव, दादांना साखर आहे.

तुझा धाकटा भाऊ,
शशी

ता. क. मुद्दा राहिलाच. सहा आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. एकोणीस तारखेचं तिकीट काढलं आहे. रुपालीला डॉक्टरांकडे पाठवून तुझ्या ऑपरेशनची बावीस तारीख घेतली आहे. रागावू नकोस. दादांना आंघोळ मी घालीन. पहिले दोन दिवस ते मला शिव्या देतील, मग मी चुकतच राहिलो तर पुढेही देतील.

ता. क. २. यातलं सुचित्राला काहीही माहीत नाही. ती जाऊ नका म्हणणार नाही, तुझ्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. पण शपथ घेतलेल्या संध्याकाळीच मी न विचारता तिकीट काढलं, हे कळलं तर माझी धडगत नाही. तेव्हा एवढं कर. तिला फोन करून सांग, की मीच शशीला बोलावलंय. "शशी, ये" असं मी त्याला म्हणाले, एवढंच सांग. आणि खोटं बोलणं जमत नसेल, तर आधी मला फोन करून खरंच म्हण.