उत्स्फूर्त संभाषणाचं पाठांतर

४ जुलै १९९४
मुख्याध्यापक कृष्णकांतराव म्हणाले, यंदा संस्कृतचे तास निम्मे. आठवीचं इंग्रजी घ्या. याच महिन्यात शिक्षण खात्याचे साहेब तास बघायला येतील. जमलं तर इथेच पनवेलात राहाल, नाही तर कळंबोलीच्या शाखेत पी.टी. शिकवायला. मी नुसता हसलो. संस्कृत व्याकरण कोळून प्यायलेल्या माणसाला इंग्रजी म्हणजे ताक.

९ जुलै
इंग्रजीच्या शिक्षकांचं ट्रेनिंग संपलं. नवी पद्धत, कम्युनिकेटिव्ह. मुलांनी भरपूर बोलायचं, शिक्षकाने कमी. फारच सोयीची पद्धत. का, ते इथेही लिहीत नाही.

११ जुलै
वर्गात जाहीर केलं, उत्स्फूर्त बोला. कोणी बोलेना. वेणू म्हणाली, "सर, आमी घरी कुठं इंग्रजी बोलतो?" सबबी! निश्चय: उत्स्फूर्त संवाद मीच लिहून देणार आणि घोकून घेणार.

१५ जुलै
'स्टेशनवर' हा संवाद सर्वांना तोंडपाठ. पण फार घडाघडा म्हणतात, पाठ केल्यासारखं वाटतं. म्हणून उत्तराआधी डोकं खाजवून "वेल... लेट मी थिंक" म्हणायला शिकवलं. अडखळणंसुद्धा आता एका सुरात.
सौ. सुमती म्हणाली, तुम्ही बोलता का हो त्यांच्याशी इंग्रजीत? भाजीत मीठ कमी होतं, ते निदर्शनास आणलं.

२२ जुलै, सकाळ
इस्त्रीची पँट. चिंता शून्य. कळंबोलीसाठी त्यांना दुसरा माणूस शोधावा लागणार.

२२ जुलै, संध्याकाळ
संवाद निर्दोष झाला. मग साहेबांनी निनादला इंग्रजीत भलतंच विचारलं: काल शाळा सुटल्यावर काय केलंस? निनादने डोकं खाजवलं. त्याचं बघून सगळ्या वर्गाने खाजवलं. आणि एका सुरात, आरती म्हणावी तसं, "वेल... लेट मी थिंक."
पुढे काही नाही.
साहेब माझ्याकडे वळले. इंग्रजीतच विचारलं, हे कसं शिकवलंत? उत्तर तयार होतं, पण मराठीत. हात आपोआप डोक्याकडे गेला.
"वेल... लेट मी थिंक."
वर्गाने टाळ्या वाजवल्या.

२३ जुलै
सोमवारपासून कळंबोली. शिट्टी शाळा देते म्हणे.
निघताना वेणू वर्गाच्या दारात आली. "सर, आमी चुकलो का?" म्हटलं, नाही गं, सांगितलं तसंच केलंत. तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "मंग तुमाला पन पुढचं येत नव्हतं?"
म्हटलं, नव्हतं.
आठवीच्या वर्गातलं माझं पहिलं उत्स्फूर्त वाक्य. तेही मराठीत.