मेरीबाईची सासू

जवळा बाजार
ता. ९ फेब्रुवारी १९७४

रुक्माक्का, तुला आणि दाजींना धाकट्या सोजराचा जय भीम. दाजींचा खोकला कसा हाय? आमचे हे गेल्यापासून घरात आमी दोघीच, सासू-सुना, पण खुशाल आहोत (आत्याबाईंचा गुडघा सोडून).

तू मिशनच्या दवाखान्यातून धाडलेल्या कादंबरीनं गल्लीत नुसता धिंगाणा घातलाय बघ. दुपारी तुरी निवडताना मी मोठ्यानं वाचते, दहा-बारा बाया ऐकतात. (पोथीचा अध्याय पुरा झाल्याबिगर उठायचं न्हाई, हा नेम त्यांनी ह्या कादंबरीलाच लावला. एकदा भिकाबाईचं कालवण करपलं, बाई हलली न्हाई.) अमेरिकेतलं ओसाड माळरान, गाड्यांचा तांडा, नवरा वाटंतच वारलेला, अन् मेरीबाई एकटी झोपडं बांधून राहून राहिली. संकट आलं का ती गुडघे टेकून येशूची प्रार्थना करते, आणि संकट पानोपानी येतं. आमच्या बाया बी वंदनेला बसल्यासारख्या हात जोडतात, प्रार्थना संपली का म्हणतात, आता लोहाराचं वाच. लोहार लई गुणाचा, फक्त तोंड उघडत न्हाई. तिच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवून देतो अन् गप निघून जातो.

शेवटी त्यानं लग्नाचं विचारलं, तर मेरीबाईची सासू आडवी आली! मग काय, तुरी राहिल्या बाजूला, पंचायतच बसली. कुणी म्हणे म्हातारीनं एकटीनं काय करावं, कुणी म्हणे लोहाराला जमीन किती. आत्याबाई मात्र डोळे पुसत सगळ्यांदेखत बोलल्या, "सासूनं आडवं येऊ नये. माझी सून असती तर मी हातानं लावून दिलं असतं." तिकडं पाद्री वर्षातून एकदा येतो, तो नेमका त्याच दिवशी घोड्यावरून हजर! लग्न लागलं, बायांनी निवडलेल्या तुरीच उधळल्या. अंगणभर वेचता वेचता नाकी नऊ आले.

तुझी,
सोजरा

ता. क. शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत. लोहारानं विचारल्यापुढचं सगळं माझ्या पदरचं. पुस्तकात मेरीबाईला सासूच न्हाई. अक्का, नरसीच्या शाळेतल्या हरिचंद मास्तरांनी मला विचारलंय, अन् माझं मन हाय. आत्याबाईंना सांगायची छाती होत न्हाई. तू ये, त्यांचा शब्द त्यांना ऐकव.

ता. क. २. पाकीट चिकटवायला भात मागितला, तर आत्याबाई म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई, पर त्या दिवशी शेवटचा घंटाभर तू पान उलटलं न्हाईस. कोण हाय तो लोहार?" मी नाव सांगितलं. त्यांनी भात कुस्करून माझ्या हातावर ठेवला अन् म्हणाल्या, "अक्काला लिही, लग्नालाच ये. अन् मास्तरला विचार, नरसीच्या घरात एका म्हातारीपुरती जागा हाय का."