सख्ख्या भावाला ‘आपण’

मोताळा, रविवार, दिवेलागण

आज दादाला मी ‘आपण’ म्हणालो. सख्ख्या थोरल्या भावाला, ज्याला जन्मभर ‘तू’च म्हणत आलो.

मुलीला पाहायला पुण्याची मंडळी आली होती. बैठकीत मी शुद्ध बोलत होतो. शाळा सुटल्यावर ही भाषा मी एकट्यानं कमावली. ‘न’ आणि ‘ण’ माझ्याकडून चुकत नाहीत. तेवढ्यात दादा शेतातून तसाच आला आणि दारातूनच ओरडला, "काऊन बे, पाहुणे आले अन् मले सांगतलं नाही?"

मी म्हणालो, "आपण आत बसा."

"आपण? मी कोन आहो बे, तहसीलदार?"

पाहुणे हसले. मी नाही हसलो. दादा चहा न घेताच गेला.

आपण! दुकानात गिऱ्हाइकाशी ‘मले-तुले’ करणारा मी वेगळा, पाहुण्यांपुढचा वेगळा, आणि दोघांच्या चुका काढत बसणारा तिसरा. तिघांनाही मीच पोसलं. त्यातल्या एकालाही उठून भावाचा हात धरता आला नाही?

बायको म्हणाली, "त्याहीले फोन तरी लावा." लावला. "दादा, मी बोलून राह्यलो," म्हटलं, तर माझं मलाच ते नक्कल केल्यासारखं वाटलं.

तो म्हणाला, "लग्नात मले कुठं बसवशीन, तेवढं आताच सांगून दे."

उत्तर होतं माझ्याकडे. ते कोणत्या भाषेत द्यावं हे ठरेपर्यंत त्यानं फोन ठेवला.